कुरुतचा आडोसा

१२ फेब्रुवारी. सकाळी सहाला उणे एकोणीस. आकाश स्वच्छ, वारा नाही.

सवय जात नाही. दोन वर्षं खिंडीवरच्या हवामान केंद्रात दर तीन तासांनी थर्मामीटर वाचून आकडे लिहिले. लग्न होऊन खाली नारिन गावात आले त्याला तीन आठवडे झाले, तरी जाग आली की आधी खिडकीकडे जाते. केंद्रातून येताना मी तीन गोष्टी बरोबर आणल्या: जुना थर्मामीटर, ही कोरी वही आणि कुरुत. पहिल्या दोन कुणाच्या डोळ्यांवर आल्या नाहीत.

कुरुत म्हणजे वाळवलेल्या दह्याची खारट गोळी. माझा बोकाही तसाच आहे, पांढरा, गोल आणि स्वभावाने टणक. लोकांच्या सुना गोधड्यांनी भरलेली पेटी आणतात, आमच्या सुनेने मांजर आणलं, असं माझ्या सासूबाई, म्हणजे अपा, लग्नाच्या पाहुण्यांना सांगत होत्या. तेव्हा हसून सांगत होत्या.

आज हसल्या नाहीत. मोठ्या खोलीत भिंतीशी गोधड्यांची उंच थप्पी लावलेली आहे. ती जितकी उंच तितकी घराची इभ्रत. तिच्यातल्या सगळ्यात वरच्या लाल मखमली गोधडीवर कुरुतने... तो शब्द लिहायला लाज वाटते. 'ओलं' असं लिहीन. तर ओलं, सकाळी अकराच्या सुमाराला. या आठवड्यातली तिसरी वेळ.

अपांनी गोधडी उचलून माझ्या नाकासमोर धरली. "हुंग."

"हुंगलं, अपा."

"नवरोजला तुझे आईवडील पहिल्यांदा आपल्याकडे जेवायला येणार. त्यांना यावर बसवू का? नवरोजच्या आत थांबलं तर ठीक. नाहीतर तुझं हे ध्यान भाऊजींच्या मेंढवाड्यावर. तिथे हवं तिथे करू दे."

भाऊजी म्हणजे सासऱ्यांचे थोरले भाऊ. त्यांच्या वाड्यावर लांडग्यांशी झुंजणारे दोन कुत्रे आहेत. कुरुत त्यांना न्याहारीलाही पुरणार नाही.

नवरोजला, म्हणजे वसंतातल्या नव्या वर्षाच्या सणाला, सदतीस दिवस आहेत. मी कारण शोधून काढणार. ढग कुठून आला हे सांगता येतं, मग हे का नाही येणार? केंद्रात वादळं झाली, दिवे गेले, खालून माणूस यायला अकरा दिवस लागले, तेव्हा माझ्या पायाशी हा एकटाच होता. याला मी कुत्र्यांच्या तोंडी देणार नाही.

१३ फेब्रुवारी. उणे सतरा.

आधी जागेची पाहणी. घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक लांब बोळ. बोळाच्या टोकाला न्हाणी आणि संडास एकत्र, तिथेच कोपऱ्यात कुरुतचं वाळूचं घमेलं. त्या दाराच्या चौकटीत सासऱ्यांचा लोखंडी हूक ठोकलेला आहे. ते घोड्यांचे चाबूक विणतात, लांबलांबून लोक मागायला येतात. कातड्याच्या आठ पट्ट्या हुकाला बांधायच्या, समोर तिवईवर बसायचं आणि ताण सुटू न देता विणत जायचं. बोळातून गरम पाण्याचा नळ गेलाय म्हणून तिथे ऊब असते. न्याहारी झाली की बसतात, ते संध्याकाळी जेवायलाच उठतात. त्यांच्यामुळे घमेल्यावर दिवसभर कुणाचं तरी लक्ष राहतं, हे बरंच आहे.

माणूस फार चांगला. मी अजून त्यांच्याशी एक पूर्ण वाक्य बोललेले नाही. नव्या सुनेने सासऱ्यांच्या समोरून जायचं नाही, त्यांच्याकडे पाठ करायची नाही, त्यांचं नाव घ्यायचं नाही. सकाळी वाकून सलाम करते, ते "सुखी राहा, बाळ" म्हणतात, की आमचं दिवसाचं बोलणं संपलं.

घमेलं स्वच्छ होतं. वाळू नदीकाठची, खड्यांसारखी जाड. माझा संशय वाळूवर आहे.

१५ फेब्रुवारी. उणे वीस. बर्फाचा भुरका.

सुताराकडून लाकडाचा भुसा आणला, चाळला, घमेल्यात चार बोटं भरला. कुरुतला नेऊन आत उभं केलं. सासरे बाहेर पट्ट्या ताणत होते, कातडं कर्रकर्र वाजत होतं. कुरुतने कान मागे टाकले, भुशाचा वास घेतला आणि पट्ट्यांखालून सरपटत पळाला. दुपारी एक वाजता थप्पीवर ओलं. म्हणजे भुसाही पसंत नाही.

अपांना माझ्या खाण्यापिण्याची काळजी लागलीय. "सून चिमणीसारखी पिते," असं शेजारणीला सांगत होत्या. आमच्याकडे पाहुणाही सात पियाले चहा घेतल्याशिवाय उठत नाही आणि मी न्याहारीला एक घेते, तोही अर्धा. मी पहाटे पाचला उठते, सगळं उरकून घेते, मग दिवसभर प्रश्न येत नाही. कामाला सलग वेळ मिळतो.

१७ फेब्रुवारी. उणे पंधरा.

शेजारच्या बुरुलकान आल्या. या बाईंना जिन्यातल्या प्रत्येक घरात काय शिजतं ते वासावरून कळतं, त्यामुळे आमच्याकडचं काही लपण्यासारखं नव्हतंच.

"मांजराला सून आवडली नाही का सुनेला घर आवडलं नाही?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"मांजराला भुसा आवडला नाही," मी म्हणाले.

"उंटावरून शेळ्या नको हाकूस, पोरी. दृष्ट आहे ही. आर्चाची धुरी दे. गोधड्यांना दे, घमेल्याला दे, मांजरालाही दे."

अपांनी लगेच आर्चाची, डोंगरातल्या त्या सुगंधी झुडपाची, वाळकी फांदी पेटवली. घरभर धूर. गोधड्यांना तीनदा, घमेल्याला सातदा. कुरुतला धरून मी उभी, तो शिंकतोय, मी खोकतेय. सासरे धुरात बसून शांतपणे वीण घालत होते. "घोडेसुद्धा यापेक्षा बऱ्या हवेत राहतात," एवढंच म्हणाले, आणि ते कुणाला उद्देशून होतं ते कळलं नाही.

१८ फेब्रुवारी. उणे पंधरा.

दोनदा ओलं.

२० फेब्रुवारी. उणे अठरा. वारा खिंडीकडून.

आज शिरडाकवर. दोन रंगांची लोकर कापून, एकात एक बसवून अपांनी तो जाड नमदा दोन हिवाळे बसून शिवला. लोकरीत मुरलेला वास जन्मभर जात नाही, हे मला सांगायला नको. मी गुडघ्यांवर बसून व्हिनेगरने घासत होते.  स्वयंपाकघरात जाऊन अपांनी पातेली आपटली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मला खरंच वाईट वाटलं. मनात एकदा येऊनही गेलं की कुरुत मुद्दाम करतोय, मला इथून न्यायला बघतोय. मग स्वतःचीच लाज वाटली. मुद्दाम करायला तो काही बुरुलकान नाही.

उद्यापासून तर्क बंद, नोंदी चालू. प्रत्येक वेळ लिहायची, ओल्याची आणि घमेल्यातलीही.

२६ फेब्रुवारी. उणे बारा. ढगाळ.

सहा दिवसांच्या नोंदी झाल्या. डोळ्यात तेल घालून लिहिल्यात. थप्पीवर, शिरडाकवर, एकदा माझ्या बुटात: सगळं सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा यांच्यामध्ये. घमेल्यात: पहाटे पाच-साडेपाचला आणि जेवणं झाल्यावर. एकही अपवाद नाही! म्हणजे वाळूचा दोष नाही, भुशाचा नाही, दृष्टीचाही नाही, कारण दृष्ट काही घड्याळ बघून लागत नसेल. मला इतका आनंद झाला की अपांना सांगायला धावले.

"मग?" अपा कणीक मळता मळता म्हणाल्या. "दिवसा काय असतं?"

"उजेड," मी म्हणाले.

अपांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. काहीतरी बोलणार होत्या, पण पुन्हा कणकेकडे वळल्या.

घमेल्यावर पुठ्ठ्याचं खोकं पालथं घातलं, एका बाजूला दार कापलं. आत छान काळोख झालाय.

ओटीपोटात दुखतंय. शिरडाक घासताना थंड फरशीवर बसले, गारठा वर चढला असणार. उबदार मोजे घातलेत.

२७ फेब्रुवारी. उणे बारा.

खोक्यात गेला नाही. दहा वाजून वीस मिनिटांनी थप्पीवर.

नवऱ्याचा फोन आला. (नाव तोंडाने घेत नाही, वहीत लिहिलं तर काय बिघडतं: कुबात.) तो बोगद्याच्या कामावर आहे, एप्रिलपर्यंत रजा नाही.

"अगं, एका मांजरासाठी एवढं? दुसरं आणू."

"तुझ्या आईला दुसरी सून आणायला सांगू? चालेल?"

"तिला नको सांगूस, ती यादी काढून बसलीय." हसला. मग म्हणाला, "बाबांना विचार ना. ते दिवसभर तिथेच असतात, त्यांनी पाहिलं असेल."

"मी? त्यांना? हे विचारू?"

"त्यात काय?"

त्यात काय म्हणे. पुरुषांचं काय जातं बोलायला.

२ मार्च. उणे सात. छपरावरून पाणी ठिबकतंय.

कुरुतला शालीत गुंडाळून गुरांच्या दवाखान्यात नेलं. मांजरांसाठी वेगळा कुणी नाही इथे. डॉक्टर गुलशायिर साठीच्या बाई आहेत, कोपरापर्यंत बाह्या वर केलेल्या. माझ्या आधी एक मेंढा होता, माझ्यानंतर घोडी होती.

"खच्ची केलाय?"

"हो, केंद्रात असतानाच."

"मग ही हद्द आखणं नाही." त्यांनी पोट चाचपलं, कुरुत गुरगुरला. "खडे नाहीत. पण आत सूज आहे, दुखतंय त्याला. धरून ठेवतो हा, तास न् तास. मग धरवेनासं झालं की जिथे मऊ लागेल तिथे सोडतो."

"का धरून ठेवेल?"

"शेळी असती तर सांगितलं असतं. मांजराला खाताना कुणी बघितलं तर चालतं, तिथे बसताना बघितलेलं चालत नाही. पळायला वाट मोकळी लागते. तुमच्याकडे कुणी याची वाट अडवतं का?"

"छे! घरात सगळी आपलीच माणसं."

त्यांनी थेंब दिले, पाणी भरपूर पाजायला सांगितलं. दारात पुन्हा हाक मारली. "तूही पी थोडं. ओठ बघ कसे फुटलेत."

रस्ताभर विचार करत आले. अपा स्वयंपाकघरात असतात, दुपारी बुरुलकानकडे गप्पांना, मी खोल्यांमध्ये. बघतंय कोण त्याला?

४ मार्च. उणे नऊ.

ठरवलं, घमेलं हलवायचं. कारण कळत नसेल तर जागा बदलून बघायची, केंद्रात बिघडलेला थर्मामीटर आम्ही असाच पकडायचो. स्वयंपाकघरात? तिथे भाकरी असते. भाकरीच्या खोलीत हे मनात आणलं तरी अपा भाकरीची क्षमा मागायला लावतील. गच्चीत? भुसाही गोठून दगड होतो. मोठ्या खोलीत तर मानाची जागा, पाहुण्यांची.

उरली आमची खोली. तिथे अजून माझा नवरीचा पडदा टांगलेला आहे, कोपऱ्यात, भरतकामाचा. पहिल्या दिवशी मला त्याच्यामागे बसवलं होतं. आता मागे नुसत्या पेट्या आहेत. मी पेट्या सरकवल्या आणि घमेलं ठेवलं. कुणाला सांगितलं नाही.

सव्वा अकराला कुरुत पडद्यामागे गेला. भुसा खरखरला. मी श्वास धरून उभी. मग बाहेर आला, शेपटी ताठ, आणि माझ्यासमोर बसून पंजा चाटायला लागला.

मला आनंदच झाला. पण त्याच्या आधी एक क्षण त्याचा हेवा वाटला. कशाचा हेवा, ते काही कळलं नाही.

७ मार्च. उणे सहा.

चार दिवस कोरडं! अपांनी लाल गोधडी पुन्हा वर चढवली. "धुरीने गुण आला," असं बुरुलकानना सांगितलं. येऊ दे गुण धुरीला, मला श्रेय नको, मांजर हवं.

पोटदुखी आहेच. जाताना आग होते. मोज्यांवर मोजे घातलेत.

८ मार्च. उणे पाच. ऊन.

महिला दिन, आणि माझी फजिती.

सासऱ्यांनी सकाळी अपांना आणि मला एकेक पिवळं फूल दिलं. दुपारी बायका जमल्या. बुरुलकानना नवरीच्या पडद्याचं भरतकाम पाहायचं होतं, पाहायचं म्हणजे बोट लावून पाहायचं. त्यांनी पडदा उचलला. मागे कुरुत बसलेला, अगदी कामात.

"अगं बाई! नवरीच्या पडद्यामागे मांजराची मोरी!"

पाच बायका हसल्या. अपा हसल्या नाहीत. त्यांच्या मुलाच्या लग्नाचा पडदा, त्यांच्या आईच्या हातचा. पाहुण्या गेल्यावर त्यांनी स्वतः घमेलं उचललं आणि बोळातून नेऊन मूळ जागी ठेवलं. सासऱ्यांनी पट्ट्या वर उचलून त्यांना आत जाऊ दिलं, मग परत ताणल्या.

"तुला हसं करून घ्यायला आवडत असेल," अपा म्हणाल्या, "मला नाही आवडत."

मी माफी मागितली. मनापासून मागितली, पण घमेलं चुकीच्या जागी होतं असं काही मला वाटत नाही.

९ मार्च. उणे पाच.

कल्पाकवर.

सासऱ्यांची पांढरी नमद्याची टोपी. कल्पाक पायदळी येऊ द्यायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही, घरात सगळ्यात उंच जागी ठेवायचा. घरात सगळ्यात उंच जागा थप्पीची. तीच कुरुतची. सकाळी अकराला.

सासऱ्यांनी टोपी दोन्ही हातांनी उचलून नळाखाली नेली. एवढा मोठा माणूस, पाठमोरा उभा राहून टोपी धूत होता, आणि ते पाहताना मला रडू आलं. मी पुढे होऊन घ्यायला हवी होती. हात लावायचा की नाही हेही कळेना.

अपांचा निर्णय झाला. नवरोज वगैरे काही नाही. बारा तारखेला भाऊजींची गाडी मीठ न्यायला खाली येते. तिच्यातून कुरुत जाईल.

११ मार्च. तापमान वाचलं नाही. माझंच एकोणचाळीस.

काल थंडी वाजून ताप भरला. कमरेत असं दुखायला लागलं की वाकता येईना. सकाळी अपा मला धरून दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाची.

"दिवसातून किती वेळा जातेस?"

"पहाटे. आणि जेवणं झाल्यावर."

"मध्ये?"

"मध्ये काम असतं."

"कामाचं काय घेऊन बसलीस? पाणी किती पितेस?"

 अपा भिंतीशी उभ्या होत्या, त्यांनी रुमालाची गाठ सोडली, पुन्हा बांधली. डॉक्टरीणबाई रागावली. मूत्रमार्गाला संसर्ग झालाय, वर चढतोय, असंच धरून ठेवलंस तर मूत्रपिंडं जातील, म्हणाली. गोळ्या दिल्या. दोन तासांनी जायचंच, तहान नसली तरी प्यायचंच.

घरी आल्यावर अपांनी मला झोपवलं, पांघरूण घातलं आणि काठावर बसून राहिल्या. 

"मी लग्न होऊन आले तेव्हा आम्ही उन्हाळी कुरणावर होतो, तंबूत. माझे सासरे दाराशी बसायचे. पण मागे अख्खा डोंगर होता गं. कुठेही जा." मग आवाज बारीक केला. "या घरात येऊन एकोणीस वर्षं झाली. हूक पहिल्याच दिवशी ठोकला तुझ्या सासऱ्यांनी."

"तुम्ही कधी सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? कसं सांगू? पहिल्या दिवशी नाही सांगितलं, मग दुसऱ्या दिवशी सांगणं अवघड, आणि आता एकोणीस वर्षांनी तोंड कुठून आणू? मी दुपारी शेजारी जाते. बुरुलकानकडे."

म्हणजे रोज दुपारच्या गप्पा त्या या! मी वही मागून घेतली. पडल्या पडल्या कुरुतच्या नोंदींशेजारी माझ्या वेळा लिहिल्या. पहाटे पाच. जेवणं झाल्यावर. पहाटे पाच. जेवणं झाल्यावर. दोन रकाने एका माणसाचे असावेत इतके सारखे. मी केंद्रात चाळीस मैलांवरचं वादळ ओळखायचे, आणि इथे वाळू तपासली, भुसा चाळला, धूर खाल्ला, खोकी कापली. जखम मांडीला, मलम शेंडीला. कुरुतला निदान सासऱ्यांची लाज नव्हती, म्हणून त्याने गोधडी तरी गाठली. मी मोजे घालत बसले.

स्वतःचा इतका राग आला की ताप उतरल्यासारखं वाटलं.

गाडी उद्या तीनला येणार. मी सांगणार. अपांना म्हटलं तर त्यांनी माझा हात धरला. "नको, बाळ. घरात नवी आहेस. आयुष्यभर त्यांच्या डोळ्याला डोळा देता यायचा नाही."

"आणि मांजर?"

त्यांनी माझा हात सोडला.

१२ मार्च. उणे दोन. ऊन, वारा नाही.

जसं झालं तसं लिहिते.

दोन वाजता मी अंथरुणातून उठले. डोक्याला रुमाल नीट बांधला. पाण्याचे दोन मोठे पेले प्यायले, परत फिरायची सोय राहू नये म्हणून. मग बोळाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. सासरे तिवईवर बसलेले, आठही पट्ट्या ताणलेल्या. मोठं काम होतं, एका लग्नातल्या घोड्यासाठी, दोन दिवसांची वीण झालेली. ताण सोडला तर सगळी सैल पडते, हे मला माहीत होतं.

मनाचा हिय्या केला आणि वाकून सलाम केला. दुपारी सलाम कसला, म्हणून त्यांनी मान वर केली.

"अताके," मी म्हणाले. नाव न घेता सासऱ्यांना असंच म्हणायचं असतं. आवाज दुसऱ्याच कुणाचा वाटला. "कुरुतला जायचंय."

"कुठे?"

"आत. तुम्ही इथे बसलेले असताना त्याला जाता येत नाही. वाट अडते. त्याला तुमची भीती नाही वाटत, तुम्ही फार चांगले आहात, पण कुणी दाराशी बसलेलं असलं की जाता येत नाही. मग दिवसभर धरून ठेवतो. पाणी प्यायचं सोडतो. पोटात आग होते, कमरेत दुखतं, ताप येतो. मुद्दाम नाही करत, अताके."

माझ्या लग्नानंतरचं त्यांच्याशी पहिलं बोलणं, आणि ते हे.

त्यांनी मांजर शोधायला इकडेतिकडे पाहिलं. मोठ्या खोलीचं दार उघडं होतं. कुरुत थप्पीवर पोट वर करून गाढ झोपला होता.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच, आणि लगेच नजर कातड्याकडे वळवली. माझ्या लाजेपायी वळवली, हे मला कळलं.

"कधीपासून?" त्यांनी पट्ट्यांना विचारल्यासारखं विचारलं.

"आल्यापासून."

"आणि मला कुणी बोललं नाही." त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. तिथला पातेल्यांचा आवाज केव्हाच थांबला होता. "कुणीच नाही. इतकी वर्षं."

त्यांनी गाठ सोडली. आठही पट्ट्या चर्रकन सैल पडल्या. मग खणातून पक्कड काढली आणि हूक पिळायला लागले. त्याच्यावर एकोणीस वर्षांच्या रंगाचे थर होते, सहज निघेना. त्यांनी एक पाय चौकटीला लावून ओढला, तेव्हा लाकडाचा तुकडा घेऊनच बाहेर आला, आणि त्या आवाजाने सगळं घर दणाणलं.

"गाडी आली की रिकामी पाठव," ते मोठ्याने म्हणाले, अपांना ऐकू जाईल असं. "वाट मी अडवायची आणि घर मांजराने सोडायचं का?" तिवई काखेत मारून ते मोठ्या खोलीत गेले आणि दार पूर्ण ओढून घेतलं. आतून रेडिओ लावल्याचा आवाज आला, चांगला मोठा.

मी आत शिरले. कडी घालणार तोच आवाजाने जागा झालेला कुरुत बोळातून धावत आला आणि माझ्या पायांमधून आत घुसला. तो त्याच्या घमेल्यात बसला, मी माझ्या जागी. म्हणजे मी खोटं बोलले नव्हते, त्यालाही जायचंच होतं. भर दुपारी, सव्वादोन वाजता, आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता बसलो होतो, आणि मला हसू आवरेना. हसता हसता रडू आलं, तेही आवरलं नाही. रेडिओमुळे बाहेर ऐकू गेलं नसेल.

हात धुऊन दार उघडलं तर समोर अपा. बाह्या वर केलेल्या, हात पिठाचे.

"झालं कुरुतचं?"

"झालं, अपा."

"मग सरक," अपा म्हणाल्या, आणि आत जाऊन त्यांनी कडी घातली.